वाढत्या अंगाचं काडतूस

१० मे, शनिवार. काम होतं बोल्टकाकांचं तळघर रिकामं करण्याचं. काका दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टजवळचं आपलं घर कायमचं सोडून बॉनला मुलीकडे राहायला जाणार होते. रायफली आणि काडतुसं नियमाप्रमाणे आधीच नेमबाजी क्लबातल्या परवानाधारकांकडे गेली होती. उरला होता तो बाकीचा पसारा. झोपून नेम धरायच्या चटया, दुर्बिणीची तिवई, वाळूच्या पिशव्या, कानांवर घालायचे मफ. मी खोकी भरत होते आणि काका जिन्यात खुर्ची टाकून "हे ठेवा, ते टाका" करत होते. कोपऱ्यातली छत्री उचलली, तर लगेच वरून आवाज आला, "ताई, टोक भिंतीकडं!"

काकांचं हे असंच. टोक असलेली कुठलीही वस्तू माणसाकडे रोखलेली त्यांना चालायची नाही. छत्री, सुरी, किटलीची चोचसुद्धा. काकू होत्या तेव्हा वैतागून म्हणायच्या, "अहो, निदान लाटणं तरी माझ्या पद्धतीनं धरू द्या." एकदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका लहानग्यानं टिकल्यांचं पिस्तूल त्यांच्यावर रोखलं. काका गुडघ्यावर बसले, पिस्तुलाचं तोंड हलकेच जमिनीकडे वळवलं आणि म्हणाले, "असं. आता उडव." पोरगं जर्मनमध्ये उत्तरलं, की हे तर खेळण्यातलं आहे. "म्हणूनच आत्ता शिक," काका मराठीत म्हणाले. त्याला ते समजलं, कारण त्यानं नंतरच्या सगळ्या टिकल्या फरशीवर उडवल्या.

बोल्टकाका हे नावही पोरांनीच ठेवलेलं. रायफल वापरात नसली की तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खिट्टीसारखा दांडा, उघडा ठेवायचा, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. रेंजवर काका दिवसभर "बोल्ट उघडा!" असं ओरडत असायचे, जर्मन माणसांवर जर्मनमध्ये आणि माझ्यावर कोल्हापुरीत. अशा कडक माणसाचा हात शेवटच्या वर्षात कापायला लागला, आणि ते विसरायलाही लागले. आता रायफल खाली ठेवा, हे त्यांना सांगणार कोण, या एका प्रश्नानं मला ते वर्षभर पोखरलं. पण ते नंतर. आधी ते मला कसे भेटले ते सांगते.

मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासते. कॉलेजात असताना एनसीसीत थोडी नेमबाजी केली होती. मुलगा शिकायला ड्रेस्डेनला गेला, शनिवार मोकळे झाले, आणि मी गावातल्या क्लबात नाव घातलं. इथे पैसे टाकले आणि रायफल घेतली असं होत नाही. वर्षभर नियमित हजेरी लावायची, परीक्षा द्यायची, मग परवान्याचा विचार. त्या वर्षात मी रेंज झाडली, निशाणाचे कागद चिकटवले, आणि शाकाहारी असूनही उन्हाळी जत्रेत सॉसेज भाजली. पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, "काय ओ, सांगलीच्या का साताऱ्याच्या?" मी पुण्याची म्हटल्यावर काका जरा हिरमुसले. "असू दे. शिकवू की."

परवाना मिळायची वेळ आली तेव्हा मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं, म्हणून सगळ्या काडतुसांचा तक्ता बनवला. वेग, वजन, पल्ला, वाऱ्यानं किती ढकललं जातं, सगळं रंगीत रकान्यांत. त्यात सगळ्यांत वर आलं होतं एक जादा दारूचं थोरलं मॅग्नम. तक्ता काकांपुढे ठेवला. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिले.

"हे एवढं मोठं कशाला?"

"काका, एकदाच घ्यायचं तर मोठंच घेऊ. आत्ता तीनशे मीटरवर मारीन, पुढे हजारावर जायचं झालं तर परत नवं नको."

"आल्झो," काका म्हणाले. जर्मनीतल्या चाळीस वर्षांत त्यांचं 'म्हणजे' कायमचं 'आल्झो' झालं होतं. "शाळेचा युनिफॉर्म घेताय व्हय? वाढत्या अंगाचा? काडतूस वाढत्या अंगाचं घेत नसतात, ताई. आजच्या अंगाला बसतंय का बघायचं."

मला ते पटलं नाही. काकांनी वाद घातला नाही. क्लबातल्या एकाकडे तसली मॅग्नम रायफल होती, ती मला मारायला दिली. दर वेळी काका स्वतः काडतूस भरायचे. पहिल्या गोळीला खांदा हलला, दुसरीला दात वाजले, तिसरी झाली तेव्हा मी बरं चाललंय असा चेहरा केला. चौथ्या वेळी मी घोडा दाबला आणि नुसतं टिक्क झालं. काकांनी आत दारू नसलेलं नकली काडतूस भरलं होतं. धक्का बसायच्या आधीच मी डोळे मिटून रायफल खाली दाबली होती, आणि आवाज न झाल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं. नळी चांगली वीतभर झुकली.

"बघितलं?" काका म्हणाले. "नळीनं नमस्कार केला. तुम्ही घाबरला नाहीत, हे मला माहीत हाय. पण तुमचा खांदा घाबरला. आणि एकदा घाबरायला शिकला की विसरायला वर्ष जातंय."

मग तक्त्यातली दोनच काडतुसं उरली, तीनशे आठ आणि साडेसहा. तीनशे आठ जुनं, सगळीकडे मिळणारं, सरावाची काडतुसं स्वस्त, नळी भरपूर टिकणारी. साडेसहा क्रीडमूर नवं, धक्का कमी, वाऱ्यात कमी भरकटणारं, पण नळी लवकर झिजवणारं. मी नळीच्या आयुष्यावर अडले. गुणवत्ता विभागात असल्याचा परिणाम. काका म्हणाले, "नळी झिजेपर्यंत तुम्ही मारलंत तर मी पेढे वाटीन. आधी जवळच्या दुकानांत जाऊन या. ज्याचं खोकं आज तिथं मांडणीवर दिसतंय आणि पुढच्या वर्षीही दिसेल, ते घ्या. कागदावर भारी आणि दुकानात नाही, त्याचा काय उपयोग?" दोन्ही मिळत होती. मी साडेसहा घेतलं आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

बाकीच्या सामानाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "रायफल मधली घ्या, दुर्बीण चांगली घ्या, बाकी घरी शिवा." नवी मंडळी सगळे पैसे रायफलीत घालतात आणि वर स्वस्तातली दुर्बीण बसवतात, मग तिची नेम बदलायची चकती फिरवली की आकडा एक सांगतो आणि गोळी दुसरीकडे जाते, हे ते डोक्याला हात लावून सांगायचे. पुढे नळीखाली एक बळकट दुपाय आणि मागे दस्त्याखाली दाबायची एक छोटी पिशवी, बस्स. ती पिशवी काकू जुन्या जीन्सच्या शिवून द्यायच्या. पहिल्या पिशवीत काय भरायचं हा प्रश्न आला तेव्हा काकांनी घरात होती ती मटकी भरली. दाबायला छान, हवी तशी बसणारी. पावसाळी स्पर्धेत ती भिजली, गाडीच्या डिकीत राहिली, आणि पुढच्या शनिवारी काकांनी क्लबच्या अध्यक्षांसमोर उघडली तर मोड आलेले. अध्यक्षांना वाटलं पिशवीत काही जिवंत आहे. काकूंनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा, की मटकीला डिकीत पेट्रोलचा वास तर लागला नाही ना, नाहीतर मिसळ केली असती. त्यानंतर पिशव्यांत प्लास्टिकचे दाणे आले.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र काका कुठल्याही यंत्रावर विसंबायचे नाहीत. यंत्र सांगतं तुमच्यापाशी वारा किती आहे. गोळी जाणार तिकडे, म्हणून तिकडचं गवत बघा, म्हणायचे. मी घाई केली की "गेनाऊ, अगदी बरोबर, मारा, वारं तुमच्यासाठी थांबलंय" असा टोमणा. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी शेवटून तिसरी आले. काका खूश. "शेवटून दोन जण मॅग्नमवाले होते," एवढंच म्हणाले.

काकू गेल्या आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांचा हात मला पहिल्यांदा दिसला. कपबशी वाजत होती. मग ते कानावर मफ न घालता रेंजवर येऊ लागले. एकदा त्यांनी शेजारच्याच्या निशाणावर गोळी मारली. अध्यक्ष हसून म्हणाले, होतं असं कधीकधी. सगळ्यांनी त्यांच्याकडूनच शिकलेलं, त्यांना कोण बोलणार? आणि रेंजवर विसरण्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाची असते, हेही सगळ्यांनी त्यांच्याकडूनच शिकलेलं. मी दर शुक्रवारी ठरवायची, उद्या सांगायचं. शनिवारी काका लवकर येऊन माझ्यासाठी चटई अंथरून ठेवलेले दिसायचे.

मग माझी रेंजवर देखरेखीची पहिली पाळी आली. इथे त्या दिवशी देखरेख ज्याच्याकडे, त्याचा शब्द शेवटचा. अध्यक्षांचाही चालत नाही. मी सगळ्यांचं शूटिंग थांबवलं, लाल दिवा लावला, आणि अध्यक्ष व आणखी दोघे निशाणाचे कागद बदलायला पुढे चालत गेले. माणसं पुढे असताना कोणीही रायफलीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मी रांगेवरून नजर टाकली तर काका चटईवर पालथे झोपून रायफलीच्या दुर्बिणीला डोळा लावलेले. बोल्ट उघडा होता. रायफल रिकामी होती. तरी दुर्बिणीच्या समोर अध्यक्षांची पाठ होती.

"काका, उठा."

त्या दिवशी मफ आठवणीनं घातले होते, त्यामुळे ऐकू गेलं नाही. मी खांद्यावर हात ठेवला. "काका, माणसं पुढं आहेत. उठा. तुमचं आजचं शूटिंग संपलं."

ते उठले. अध्यक्ष परत आल्यावर सारवासारव करू लागले, की बोल्ट तर उघडा होता, ते नुसतं बघत होते. काकांनी त्यांना मध्येच तोडलं आणि जर्मनमध्ये म्हणाले, "आज देखरेख यांची आहे. विषय संपला." रायफल पेटीत घातली, कुलूप लावलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी घरी येऊन शेगडी घासली, मग ओव्हन घासला, मग नवऱ्यानं विचारलं तेव्हा काही नाही म्हटलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका.

"चहा टाका," ते आत येत म्हणाले. "ताई, मी तिथं जाऊन कधी झोपलो, हे मला आठवतच नाही."

मी आधण ठेवलं.

"मी मनात ठरवलं होतं," ते म्हणाले, "ज्या दिवशी कोणी उठवेल त्या दिवशी बंद. तर कोणी उठवेचना! अहो, चुकीच्या डब्यात कचरा टाकला तर दारावर चिठ्ठी लावणारी ही माणसं. मी दुसऱ्याच्या कागदावर गोळी मारतोय आणि हे माझी पाठ थोपटतायत!"

"मग आपण होऊनच थांबायचं होतं."

"आपलं आपल्याला कळतंय व्हय? रोज वाटायचं, आज बरा हाय हात. आज जाऊन येऊ."

"मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलोच होतो की. घरी पोचेपर्यंत. मग दुपारी आडवा झालो तो आत्ता उठलो. ही गेल्यापासून एवढी झोप लागली नव्हती."

मला इतकं हलकं वाटलं की त्यांच्या कपात मी साखर दोनदा घातली. त्यांनी बिनतक्रार प्यायला. डॉक्टर, परवाना परत करणं, बॉनच्या मुलीशी बोलणं, सगळं त्यांनी पुढच्या काही आठवड्यांत एखादी मशीन उघडावी तसं क्रमानं उरकलं. क्लबात निरोपाच्या दिवशी अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. काकांचं उत्तर छोटं होतं: "मला उठवायला एवढा वेळ लावलात. पुढच्याला लवकर उठवा."

तर त्या शनिवारी तळघर रिकामं झालं. मी हात धुऊन निघाले, तेवढ्यात रस्त्यात त्यांच्या मुलीचा, मधुराचा फोन आला.

"मावशी, बाबा म्हणतायत उद्या स्वतः गाडी चालवत येणार. मी न्यायला येते म्हटलं तर फोन ठेवला. आउटोबानवरच्या सुसाट गाड्यांमधून, मावशी! तुम्ही सांगा ना."

"माझं ऐकतील कशावरून?"

"एकदा ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धपाट्यांचा डबा आणि थर्मास घेऊन चढ चढून गेले. काका गाडीत बसलेले, पट्टा लावलेला, इंजिन चालू. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी काच खाली घेतली. मी डबा टपावर ठेवला आणि हात पुढे केला.

"काका, चावी."

त्यांनी समोर बघितलं. मग माझ्याकडे. "सवयच लागली की वो तुम्हाला आता," म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली, खाली उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे बसले आणि पट्टा लावला. मी सीट पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीचे करून घेतले आणि त्यांना बॉनला घेऊन गेले.