पाऊण वाजताची घंटी

वकिलाने भिऊ नये असं म्हणतात. मी भित्रा वकील आहे, आणि कशाला भितो ते आता सांगून टाकतो. सांगायला उशीर झाला आहे, हेही मला ठाऊक आहे.

अंबडच्या कोर्टात मी नवा होतो, त्या दिवसांत मोबाइल हळूहळू सगळ्यांच्या हातात येऊ लागले होते. आम्हा वकिलांच्या बसायच्या खोलीत, म्हणजे बाररूममध्ये, एक लांब टेबल होतं. वकील आत आला की कोट उतरवायच्या आधी खिशातला फोन काढून त्या टेबलावर ठेवायचा, कंपनीचं नाव सगळ्यांना दिसेल असा. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. रंगीत पडद्याचे फोन खिडकीच्या बाजूला, जुनेपाने दाराच्या बाजूला, अशी आपोआप रांग लागायची. चहावालासुद्धा पहिला कप खिडकीकडेच न्यायचा. माझा फोन काळ्या-पांढऱ्या पडद्याचा, डोक्यावर टॉर्च असलेला, सगळ्यात स्वस्त. तो मी टेबलावर कधीच ठेवला नाही. वाजला की लगबगीने बाहेर जायचो, जणू काही मंत्रालयातूनच फोन आला आहे.

एकदा शहागडच्या बाजूचा एक शेतकरी बांधाचं भांडण घेऊन माझ्याकडे आला. बोलता बोलता माझा फोन वाजला आणि मला तो त्याच्यासमोर काढावा लागला. त्याने लगेच बंडीच्या खिशातून स्वतःचा काढला. अगदी तोच.

"वकील साहेब, तुमचा बी हाच हाय का? माझ्या पोरानं मला हाच आणून देल्ला," तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

पुढच्या तारखेला तो कागद घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेला. जाताना माझ्या कारकुनाजवळ म्हणाला होता, "जो फोन आपल्याजवळ, तोच वकिलाजवळ. मंग हे आपल्यापेक्षा जास्त काय भांडणार?" मला भयंकर राग आला. रात्रंदिवस कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची किंमत चार बटणांवरून करतो म्हणजे काय! पण खरं सांगू का, मीसुद्धा डॉक्टर निवडताना दवाखान्यासमोर कोणती गाडी उभी आहे ते बघायचो.

पुढे एका शनिवारी शेताच्या पाहणीसाठी मी शहागडला गेलो होतो. तिथे हायवेच्या कडेला, जिथे ट्रक थांबतात, तिथे एक टपरी होती. चार्जर, कव्हरं आणि काचेच्या पेटीत मांडलेले जुने फोन. त्यात तो होता. खिडकीच्या बाजूला बसणाऱ्यांच्या कंपनीचा, कॅमेऱ्याचा, रंगीत. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळत होता.

"बिल?" मी विचारलं.

"बिल पाह्यजे तर हा घ्या साहेब," टपरीवाल्याने दुसरा डबा पुढे केला. "ह्याच भावात कोरा हाय, बिल हाय, गॅरंटी हाय. कंपनी तेवढी दुसरी." मग काचेकडे बोट दाखवून म्हणाला, "हे ड्रायव्हर लोकं ठिऊन जातेत, खर्च्याला पैसे नसले की. बिलकुल क्लिअर माल."

दुसऱ्या कंपनीचं नाव बाररूममध्ये कोणी ऐकलेलंही नव्हतं. मी तो कोरा, बिलाचा, गॅरंटीचा डबा बाजूला सारला आणि बिन बिलाचा घेतला. आधीच्याच आठवड्यात मी एका माणसाचा जामीन केला होता. त्याच्यावर कलम चारशे अकरा होतं, म्हणजे चोरीचा माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणं. न्यायाधीशांनी मला विचारलं होतं, "एवढं स्वस्त, बिलाशिवाय मिळालं, तेव्हा तुमच्या अशिलाला काहीच वाटलं नाही का?" मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "नाही, साहेब." आता मला कळत होतं की वाटतं. सगळं वाटतं, आणि तरी हात पुढे जातो.

घरी येऊन फोन पुसला. बटणांच्या फटीत लालसर काहीतरी वाळून बसलं होतं. मी ते काडीने काढलं आणि पानाची पिंक असेल असं स्वतःला सांगितलं. आत एकच फोटो होता. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, फोटो काढू नको म्हणून हात आडवा धरलेला. नावांच्या यादीत सगळ्यात वर 'घर'. ते सगळं तेव्हाच पुसायचं होतं. पण वकिलाचं डोकं, त्याला लगेच पुरावा नष्ट करण्याचं कलम आठवलं. ठेवलं तरी भीती, पुसलं तरी भीती. शेवटी फोन उशाखाली ठेवून झोपलो.

रविवारी दुपारी मी आणि आई जेवून उठलो होतो. पाऊण वाजता फोन एकदम मोठ्याने वाजला. कोणाचा फोन नव्हता, अलार्म होता. पडद्यावर दोन शब्द होते. आईला वाचता येत नव्हतं. दळण घेऊन आलेल्या शेजारच्या सुनेने डोकावून मोठ्याने वाचलं, "आईची गोळी."

माझ्या आईलाही बीपीची गोळी होती. रोज दुपारी जेवणानंतर घ्यायची, आणि ती रोज विसरायची. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या गोळीची घंटी लावली का रे बाबा?" मी नाही म्हणालो नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत झालं, वकील पोराने आईच्या गोळीसाठी फोनमध्ये घंटी लावली म्हणून. त्यानंतर तो अलार्म पुसणं माझ्या हातात राहिलं नाही. रोज पाऊण वाजता कोण्या दुसऱ्याचं प्रेम माझ्या खिशात वाजायचं, मी घरी फोन लावून आईला आठवण द्यायचो आणि पुण्य मला मिळायचं. त्या दुसऱ्या म्हातारीला आता गोळीची आठवण कोण करून देत असेल, हा विचार आला की मी कामात डोकं खुपसायचो.

बाररूममध्ये मात्र मी खिडकीच्या बाजूला सरकलो. चहा आधी येऊ लागला. दोन नवे पक्षकार आले. पण फोन टेबलावर ठेवला की माझी नजर त्याच्यावरून हटायची नाही. कोणी सहज "बघू" म्हणून उचलला तरी माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. एवढी हौस करून मिरवायला घेतला, आणि मिरवायचीच चोरी झाली.

आणि एक दिवस पोलिसांनी टपरीवाल्याला कोर्टात उभं केलं.

मी मागच्या बाकावर दुसऱ्या कामासाठी बसलो होतो. त्याला बघताच मी पुढच्या वकिलाच्या पाठीमागे दडलो. कलम चारशे अकरा वाचलं गेलं. चोरीचे मोबाइल, काही जप्त झालेले, काही विकलेले, कोणाला विकले त्याचा तपास बाकी. टपरीवाला मान खाली घालून उभा होता. मग त्याने सावकाश मान वर केली, सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

घड्याळात पाऊण वाजत आला होता. फोन मी बंद केलेला होता, पण त्याचा अलार्म बंद असतानाही वाजायचा. मी तो बाहेर काढायला खिशात हात घातला आणि तो तेवढ्यात वाजलाच. भर कोर्टात, सगळं चिडीचूप असताना. आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माणूस माझ्या खिशाकडे बघत होता. आता हा बोट दाखवणार, संपलं, सनद गेली, असं मी धरूनच चाललो.

"कोणाचा आहे? आणा इकडे," न्यायाधीश म्हणाले. शिपायाने फोन माझ्या हातातून घेऊन वर दिला. न्यायाधीशांनी पडदा वाचला, आणि त्यांचा चढलेला चेहरा उतरला.

"वकीलसाहेब, कोर्टात असे फोन आणू नका," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि बाहेर जाऊन आईला विचारा, गोळी घेतली का."

सगळे वकील माझ्याकडे कौतुकाने बघत होते. चोरीचा माल न्यायाधीशांच्या हातून मला परत मिळाला. आरोपी पिंजऱ्यात, मी दाराबाहेर.

मधल्या वेळात पोलीस त्याला व्हरांड्यातून नेत होते. माझ्याजवळ येताच तो हळूच म्हणाला, "साहेब, बराबर चालून राह्यला ना?" माझा हात खिशावर गेला. "मंग माझं बी बघा जरा," तो म्हणाला. धमकी नव्हती त्याच्या आवाजात, ओळखीच्या माणसाला सांगावं तसा म्हणाला. मी त्याचं वकीलपत्र घेतलं. फी मागायची छाती झाली नाही.

त्याचे कागद वाचले तेव्हा कळलं. गोदावरीच्या पुलाजवळ एक जीप उभ्या ट्रकवर आदळली होती. दोन जण जागीच गेले, एक दवाखान्यात होता. मदतीला धावलेल्यांमध्ये कोणीतरी खिसे रिकामे करणारंही होतं. पुढे तिघांची नावं होती. मी त्या ओळीवर अंगठा ठेवला आणि पान उलटलं. वकिली केली त्या सगळ्या वर्षांत मुद्दाम न वाचलेली ओळ तेवढी एकच. बटणांच्या फटीत काय वाळलं होतं, ते आता कोणी सांगायची गरज नव्हती.

पण तिघांतला एक जिवंत होता. तोच माझ्या फोनचा मालक असेल, या आशेने मी आठवडाभर तग धरला. मग कामाचं निमित्त करून जालन्याला गेलो, कारण अंबडला एसटीडी बूथवाले मला ओळखत होते. बसस्टँडजवळच्या बूथमध्ये शिरलो, दार लावलं आणि 'घर'चा नंबर फिरवला. कोड नदीच्या पलीकडचा होता, म्हणजे आमच्या शेजारचाच. ठरवलं होतं, कोणी पुरुष बोलला तर 'तुमचा फोन सापडला आहे' म्हणायचं. वाक्य पाठ केलं होतं. घंटी वाजू लागली, आणि खिशातला अलार्मही वाजला. पाऊण वाजला होता.

पलीकडून कोणीतरी झटकन फोन उचलला. मी अजून हॅलोसुद्धा म्हणालो नव्हतो.

"घेतली रे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "आत्ताच घेतली गोळी. लई दिवसांनी फोन केलास. कुठं हाय रे तू? हे समदे म्हणतेत दवाखान्यात हाय, आन् मला नेत न्हाईत. बोल की रे."

मागून एका बाईचा, बहुतेक सुनेचा, आवाज आला, रडवेला, "आत्या, द्या इकडं. कोणी न्हाई तिथं. द्या म्हणते ना."

मी फोन ठेवला. मशीनमधून नंबर छापलेली पावती निघाली. बूथवाल्याला पैसे दिले आणि ती पावती बसस्टँडपर्यंत जाईतो बारीक बारीक फाडली. पुरावा. तेव्हाही मला तेच सुचलं, दुसरं काही नाही.

फोन परत करता आला असता का? आला असता. घराचा नंबर होता, वाक्य पाठ होतं. पण मग विचारलं असतं, तुम्हाला कुठे सापडला, तुम्ही कोण. अंबडच्या कोर्टात ते दुसऱ्या दिवशी पोचलं असतं. मी माझं नाव वाचवलं, बस. टपरीवाल्याचा जामीन झाला. त्याने माझं नाव कधीच घेतलं नाही. त्याचा खटला बरीच वर्षं रेंगाळला आणि त्याच्या प्रत्येक तारखेला मी सकाळपासून उपाशी असायचो.

फोन मी फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात तळाशी ठेवला. तो अजून तिथेच आहे. पुन्हा टॉर्चवाला विकत घेतला आणि टेबलावर उघड ठेवू लागलो. तोवर माझी वकिली बरी चालू लागली होती. तेव्हा तोच स्वस्त फोन बघून लोक म्हणायला लागले, "एवढे मोठे वकील, पण किती साधे!" हसावं की रडावं कळत नव्हतं.

एक काम मात्र मी केलं. नव्या फोनमध्ये पाऊण वाजताचा अलार्म स्वतःच्या हाताने लावला, कारण आईला घंटीची सवय झाली होती. ती गेली तोवर तो रोज वाजला. वाजला की मी घरी फोन लावायचो, ती गोळी तोंडात टाकायची, वरून पाणी प्यायची आणि मी विचारायच्या आधीच म्हणायची, "घेतली रे."

माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. मी "बरं" म्हणायचो. त्या बूथमध्ये तेवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नव्हतं.