थांब बे, घागर भरू दे

जेसीबीचं बकेट खाली आलं आणि नदीच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्याची कड ढासळली. माझी शेजारीण आत बसलेली होती. कमरेपर्यंत रेतीत गाडली गेली. मी काठावर उभी होते. हातातली जर्मनची वाटी वर धरून ती ड्रायव्हरला म्हणाली, "थांब बे, घागर भरू दे."

हे तिचं नेहमीचं बोलणं. धाडच्या बाजाराला टरबुजांची पोती घेऊन निघाली, की एसटीच्या कंडक्टरला हेच. घरात नवरा जेवायला ओरडला, तर त्यालाही हेच, फक्त 'बे' गाळून. सगळं जग तिच्या घागरीसाठी थांबावं असं तिला वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते थांबायचं.

आमच्या दोघींच्या घराची भिंत एक. आमचं फार जमायचं असं नाही. तिच्या शेळीनं माझी मेथी खाल्ली, तर ती म्हणायची, "मेथी काऊन लावली मंग?" अशी बाई तुमच्याही शेजारी असेल.

तिच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. पैनगंगेचं पाणी आटलं की ती रेतीत डांगराची वाडी लावायची, म्हणजे टरबुजं, काकड्या, थोडा भोपळा. आणि वाडीच्या कडेला झिरा. उन्हाळ्यात नदी वरून कोरडी दिसते, पण पाणी रेतीखाली असतं. रेती उकरली की तळाला पाझरतं. ते वाटीवाटीनं भरायचं. घाई केली तर गढूळ होतं. आमची सगळी गल्ली त्या झिऱ्यावर जगायची, कारण नळाला यायचा तो फुसफुस आवाज.

झिऱ्यावर नंबर असतो. बाई घरी गेली तरी तिची घागर नंबरात राहते. घागर आहे म्हणजे बाई आहे. सासू-सून तोंड पाहत नसतील एकमेकींचं, पण घागर हलवणार नाहीत.

मग रेतीवाले आले. ठेकेदाराला रेती काढायला खालचा घाट मिळाला होता. तिथली रेती संपली तसा तो वर सरकत आमच्या झिऱ्यापर्यंत आला. रेती गेली की पाणी गेलं, हे सांगायला शाळा लागत नाही. तक्रार द्यायला ती बुलढाण्याला कचेरीत गेली, मलाही ओढून नेलं. साहेब चांगला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या नावावर सातबारा नाही. तुम्ही पात्र नाही."

हा शब्द तिला घरकुलाच्या वेळीही मिळाला होता. ती म्हणाली, "मी नाई पात्र. पण नदीले त पात्र हाये ना साहेब? ते काऊन खोदू देता?"

साहेब हसला. चहा मागवला. काम काही केलं नाही. परत येताना देऊळघाट मागं पडलं. मग ती म्हणाली, "चहाले त पात्र निघालो व आपण."

तर कड ढासळली ती त्यानंतर. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. बीबी गावाकडचा माणूस, केस पिकलेले. आम्ही दोघांनी हातांनी रेती उपसली. तो म्हणत होता, "मेली असती ना माय!"

"मेली नाई ना? हात चालव."

मोकळी झाली तरी ती वर आली नाही. झिरा पुन्हा उकरायला बसली. तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर आला. "ए म्हातारे, हट तिथून."

"माहा नंबर हाये. तुही घागर कुठी हाये?"

"मले काय करायची घागर?"

"मंग तुहा नंबर नाई. मांग हो."

आणि माझ्याकडे वळून, "तू काय पाहून राह्यली व? ठेव तुही."

मी ठेवली. आरडाओरडा ऐकून गल्लीतल्या बाया आल्या, त्यांनीही ठेवल्या. पितळेच्या, स्टीलच्या, प्लास्टिकच्या, एकीनं तेलाचा डबा. झिऱ्यापासून मशीन उतरायच्या वाटेपर्यंत नंबर लागला. त्या माणसानं माझ्या घागरीला लाथ घातली. मी शूर बिलकूल नाही. पण घागर माझी होती. मी ती उचलली, पोचा पाहिला आणि होती तिथंच ठेवली.

तो ड्रायव्हरवर ओरडला, "चालव बे वरून!"

ड्रायव्हरनं मशीनची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "मी नाई चालवत. आमच्या बीबीले घागर सरकवली म्हणून डोकी फुटली हायेत."

ठेकेदारानं दुसरा ड्रायव्हर आणला. तोही खेड्यातलाच निघाला. उन्हाळाभर घागरी तिथून हलल्या नाहीत. भरायच्या, घरी रिकाम्या करायच्या, पुन्हा मांडायच्या. शेवटी मशीन गेली.

कोणाचं मन पालटलं म्हणून ती गेली नाही. खालच्या घाटाच्याही पलीकडच्या गावाला गेली. तिथं आता नदीत खडक उघडा पडलाय आणि टँकर येतो. आमची रेती आहे. ती मागायला पुन्हा कोणी आलं तर आमच्याकडे घागरी आहेत.

या उन्हाळ्यात शेजारीण गेली. ताप आला, चढला, संपलं. ऊन व्हायच्या आत उरकू म्हणून माणसं घाई करत होती. तिच्या आंघोळीला कोणीतरी बोअरचं पाणी आणलं. मी ते अंगणात ओतून दिलं आणि घागर घेऊन झिऱ्यावर गेले. रेती खाली बसू दिली. वाटीनं भरू लागले. तिचा जावई काठावर आला. "मावशी, किती वेळ?"

जावयाला बे म्हणता येत नाही. मी म्हटलं, "थांबा बापू, घागर भरू द्या."

तो थांबला.

तिची घागर अजून नंबरात आहे. कोणी हलवत नाही. तिच्यामागं माझी आहे, पोचा पडलेली. कड ढासळली त्या दिवशी झिऱ्यावर आम्ही दोघी होतो. त्यातली आता मीच आहे.