राहीबाय आणि पलटणीचा लांगरी

राहीबायने आयुष्यात नोकरी एकच केली, शाळेत खिचडी शिजवायची. एकवीस वर्षं. स्वतः चौथीनंतर वर्गात बसली नाही, पण तिच्या हातचं खाऊन कितीतरी पोरं साहेब झाली. त्यातलाच एक हर्षद, आता त्याच शाळेत सर. त्याच्या मनात आलं की सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, एकाहत्तरच्या लढाईतल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती पडद्यावर दाखवायच्या. शूटिंगला मुंबईचं कुणी येईना. आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या ओटीवर हक्काने चहा मागणारी गावात राहीबायच. हर्षदने मोबाईल आणि तीन पायांचा स्टँड तिच्याच हातात दिला.

"काकू, लाल ठिपका दाबायचा आणि गप्प बसायचं. तुमचा आवाज येता कामा नये."

"गप्पच बसायचं होतं तर मला कशाला बोलावलंस?"

पहिले बाळाजी हवालदार. मेडलं लावून बसले. राहीबाय तोंडावर पदर दाबून बसली. आपल्याकडे कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचं असतं. नाहीतर सांगणाऱ्याला कळत नाही, समोर माणूस आहे की भोपळा. बाळाजी तीन वाक्यं बोलले आणि थांबले.

"झोपलीस काय गं?"

पुढे काही केल्या बोलेनात. राहीबायने तिथेच हर्षदचा नियम मोडला. 'हं', 'मग?', 'अगो बाय' सगळं सुरू केलं. सात म्हातारे भडाभडा बोलले. मोबाईलच्या चौकटीत पहिल्या दोघांची कपाळं कापली गेली ती गेलीच, पण बोलले.

आठवा तुकाराम. तो यादीत नव्हता. पलटणीत तो लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. गावात त्याला 'पुरीभाजी फौजी' म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

"माझं काय घेतेस राहीबाय? मी एक गोळी झाडली न्हाय." सुपारी सोलता सोलता बोलला, मानही वर केली नाही.

राहीबायने लाल ठिपका दाबला. हर्षदने लिहून दिलेले प्रश्न कमरेलाच खोचलेले राहिले.

"माणशी पुऱ्या किती लावायचास, दादा?"

तुकारामाचा हात थांबला. पन्नासच्या वर वर्षं झाली, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"सहा."

"हं. आणि माणसं?"

"एकशे चार. संध्याकाळी सगळी पुढं गेली. सकाळी मी पेटी डोक्यावर घेऊन मागनं. मध्ये भाताचं शेत, गुडघाभर चिखल, वरनं तोफा. वाटलं, टाकावी पेटी नि पळावं. पण पीठ मी मळलेलं ना."

"मग?"

"वाटल्या. पेटीत बहात्तर उरल्या. कुणी सांगायच्या आधी मला कळलं. बारा."

राहीबायच्या तोंडून या वेळी 'हं' निघालं नाही.

"त्या उरलेल्या, होते त्यांनाच वाढल्या. खाईनात. म्हटलं, खा. दुपारी अजून पुढं जायचंय. मग खाल्ल्या."

हर्षदने ते पाहिलं आणि डोकं खाजवलं. "काकू, चांगलं आहे. पण हे लढले कुठे? मोठे पाहुणे येणार आहेत. आणि तुमचं ते हं-हं."

"बरं," राहीबाय म्हणाली आणि तिने मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला. "मग बाकीचे सात पण राहू देत."

"म्हणजे?"

"आठ लावायचे, न्हायतर एक पण न्हाय. हर्षद, उपाशीपोटी तुला बाराचा पाढा एकदा तरी आला होता का? खरं सांग. आणि रांधणारा लढत न्हाय, हे तू मला सांगतोस?"

"मी पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, राहीबाय ऐकत न्हाय. खोटं न्हाय त्यात काही."

तीन दिवस मोबाईल तांदळाच्या डब्यात होता. शाळेतल्या सोनल बाई येऊन गेल्या, सरपंच येऊन गेले. चहा पिऊन गेले, मोबाईल न घेता. चौथ्या दिवशी हर्षद स्वतः आला. म्हणाला, ठीक आहे, पण तुकारामकाका शेवटी. बाकीच्यांचे त्याने मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. तुकारामाला कात्री लावायला राहीबायने दिलीच नाही.

सोळा तारखेला शाळेत सात मुलाखती दाखवून झाल्या, टाळ्या झाल्या. पडद्यावर तुकारामाची सुपारी दिसली मात्र, बाहेर चहा आल्याचं कुणीतरी सांगितलं आणि पुढच्या रांगेतले पाहुणे उठले. तुकारामसुद्धा ओशाळून उठायला लागला.

राहीबाय जाऊन दारात उभी राहिली. दार अरुंद, राहीबाय रुंद.

"चहा झाकून ठेवलाय. बसा."

पाहुणे एकमेकांकडे बघत बसले. त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं. "किती वेळाचं आहे हो हे?"

"सव्वा तास," राहीबाय म्हणाली आणि तिने आतून कडी लावली.