दोराला हात लावू नका

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य तोंडात चुका धरण्यात जातं. चुका म्हणजे रुंद डोक्याचे ते बारीक, टोकदार खिळे. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी. मग चुका ठेवायच्या कुठे? ओठांत. त्यामुळे गल्लीत ज्यांना सगळे 'गादीवाले' म्हणत, ते गृहस्थ फारसं बोलत नसत. "आमचे बाबा बोलण्यात कधी चुकत नाहीत, कारण तोंड आधीच चुकांनी भरलेलं असतं," असं त्यांची मुलगी चारचौघांत सांगायची आणि ते नुसते मान हलवायचे.

खाली दुकान, वर घर. दुकानात सोफ्यांचे सांगाडे, काथ्याची पोती, भिंतीला टांगलेल्या स्प्रिंगा. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला. एकुलती एक मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चणीनं लहान म्हणून नाव पडलं चिऊ, ते तिशी उलटली तरी सुटलं नाही. आठवडाभर ती काचांवर डोळे घालून बसे आणि सुट्टी आली की गावापासून तासाभरावरच्या वाळूच्या खडकांत जाऊन सुळके चढे.

हे सुळके गादीवाल्यांनी आयुष्यभर बसच्या खिडकीतून पाहिलेले. जवळ कधी गेले नव्हते. पोरगी तिथे नेमकं काय करते हे विचारायचीही त्यांना धास्ती वाटे. न विचारलेल्या गोष्टीची भीती निदान धूसर राहते.

"बाबा, एकदा चला तरी," ती दर वर्षी म्हणायची. त्या वर्षी ते अचानक "चल" म्हणाले. बायको जिन्यावरून ओरडली, "अहो, गुडघ्याचं काय?" "गुडघाही येतोय बरोबर," ते म्हणाले. हे त्यांचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

बरोबर चिऊचा जोडीदार होता, म्हणजे दोरावरचा जोडीदार. शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तिघं सकाळी घळीत शिरले. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे वाट इतकी अरुंद की पाठीवरची पिशवी पुढे घेऊन तिरकं चालावं लागत होतं. आत गारवा, खडकावर शेवाळ, वर आभाळाची एक चिंचोळी पट्टी. मग लोखंडी शिडी. मग पुन्हा घळ. गादीवाले प्रत्येक पायरीवर कण्हत होते, पण चेहरा मात्र पहिल्यांदा जत्रेला आलेल्या पोरासारखा झाला होता. घळ संपली आणि समोर सुळके उभे राहिले, पिवळे, तांबूस, एकावर एक रचून ठेवलेल्या गाद्यांसारख्या थरांचे. त्यांनी एकाच्या अंगावरून हात फिरवला. तळव्यावर वाळू आली.

"अगं, याचा तर भुगा सुटतोय!"

"कोरडा असला की भरवशाचा असतो," चिऊ हसली. "ओला झाला की कुणाचा नाही. म्हणून तर पावसानंतर आम्ही फिरकत नाही इकडे."

आभाळ निरभ्र होतं. मास्तरनं खाली दोर सांभाळला आणि ती चढू लागली. गादीवाले एका धोंड्यावर टेकले. आपलं लेकरू खडकाला असं चिकटून वर सरकताना पाहून त्यांना आधी घाम फुटला, मग हळूहळू अभिमान वाटू लागला. हातांचं काम होतं ते. हातांचं काम त्यांना कळत होतं.

माथ्याच्या थोडं खाली तिच्या बोटांखालचा खडकाचा ओठ तुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. ती बाजूला झोका खाऊन कोपऱ्यापलीकडे गेली आणि धडकली. मास्तरनं दोर आवळून धरला. मग तिची किंकाळी आली, आणि पाठोपाठ तिचा दमलेला आवाज: "खांदा निखळलाय. कपारीवर उभी आहे. दोर फटीत अडकलाय, हलत नाहीये."

मास्तरनं नाना खटपटी केल्या. दोर वर जाईना, खाली येईना. तिच्यापर्यंत एकट्यानं चढणं शक्य नव्हतं. फोनला तिथे रेंज नव्हती. शेवटी त्यानं दोर जवळच्या झाडाच्या बुंध्याला पक्का बांधला.

"मी जातो मदत आणायला," गादीवाले उठत म्हणाले.

"काका, तुम्हाला शिडीच उतरायला किती वेळ लागेल? मी पळत जातो. तुम्ही इथे थांबा, तिच्याशी बोलत राहा. आणि काही झालं तरी दोराला हात लावू नका."

तो गेला. गादीवाले एकटे उरले. समोर बुंधा, बुंध्याला गाठ. आयुष्यभर सुतळीच्या गाठी मारलेला माणूस; त्यांचे हात त्या गाठीकडे आपोआप जात होते. थोडी आवळावी, थोडी चाचपून पाहावी. ते हात काखेत दाबून उभे राहिले. मुलगी दिसत नव्हती. दिसत होता फक्त ताणलेला दोर, वर जाऊन दगडाआड नाहीसा झालेला.

"बाबा?"

"हो गं, आहे मी."

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. दुकानातलं सांगा."

मग ते बोलू लागले. जुना सोफा उसवला की आत काय काय निघतं ते सांगितलं: कंगवे, पेनांची टोपणं, गोट्या, लहान मुलाचा पडलेला दात. एका सोफ्यात मांजर व्यालेली निघाली आणि मालकीणबाई महिनाभर सोफा न्यायलाच तयार नव्हत्या, ते सांगितलं. वरून एकदा हसल्यासारखा आवाज आला, एकदा नुसतं "हं". मग तेही थांबलं.

"चिऊ?"

"चिऊ! अगं ऐकतेस ना?"

त्यांचीच हाक तीन बाजूंनी परत आली. पश्चिमेकडून ढग सरकत आला होता. पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडला, पुढचे खडकावर. पिवळ्या दगडावर एकेक काळा ठिपका उमटू लागला. ठिपके वाढताना ते पाहत होते. छत्री उघडून धरावी तर कशावर? एवढा मोठा खडक, आणि पावसाला थोपवायला त्यांच्याकडे दोन तळवे. तरी त्यांनी बुंध्याजवळच्या दगडावर आपला सदरा काढून पसरला. त्याचा काही उपयोग नाही हे त्यांना पसरतानाच कळत होतं. उघड्या अंगानं, घसा फाटेस्तोवर ते स्प्रिंगा, काथ्या, रेक्झिन यांच्याबद्दल एका गप्प दगडाला सांगत राहिले.

पाऊस शिंतोडे टाकून गेला. उन्हं कलल्यावर माणसं आली. शिरस्त्राणं, दोर, झोळीचं स्ट्रेचर. "आजोबा, जरा बाजूला व्हा," एकजण म्हणाला. ते बाजूला झाले. "अजून थोडे." अजून झाले. चिऊला खाली उतरवलं तेव्हा त्यांच्यासमोर पाच-सहा पाठी होत्या. पाठींच्या फटीतून तिचा पांढराफटक चेहरा दिसला. डोळे उघडे होते.

झोळी घळीतून निघाली. जवान माणसं भराभर गेली. गादीवाले मागून लंगडत निघाले, शिडीवर गुडघा अडला, बसून बसून उतरले. पुढचे आवाज आधी बारीक झाले, मग विरले. ते घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा रुग्णवाहिका केव्हाच गेली होती. मास्तर एकटा त्यांची पिशवी घेऊन थांबला होता.

दवाखान्यात बायको त्यांच्या आधी पोचलेली. तिनं त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"तुम्ही होतात ना तिथे? मग काय केलंत?"

"बोललो," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता.

दुसऱ्या दिवशी चिऊनं सांगितलं, "ऐकू येत होतं सगळं. पण तोंड उघडलं की रडू फुटत होतं. तुम्हाला ऐकू गेलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत खाली?" तिच्या त्या गप्प बसण्यानं त्यांचं काय झालं होतं, हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही.

खांद्याचं हाडही मोडलं होतं, आत धातूची पट्टी घालावी लागली. हात पूर्ण वर जायला वर्ष गेलं. आणि हात वर गेला त्याच आठवड्यात तिनं माळ्यावरून दोर काढला. आई रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. "येता का, बाबा?" चिऊनं विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

आता त्या भीतीत काहीच धूसर उरलेलं नाही. तो ओठ, ती फट, तो बुंधा, सगळं त्यांना पाठ आहे. ती जाते त्या दिवशी ते दुकान उघडतात, खुर्ची उलटी करून मांडीवर घेतात आणि तशीच धरून बसतात. गिऱ्हाईक विचारतं, "काका, कधी मिळेल?" ते म्हणतात, "आज हात चालत नाहीये हो. उद्या या." दुपार कलली की उठून पायरीवर उभे राहतात आणि बस जिथून वळते त्या कोपऱ्याकडे बघत राहतात.