पहिला वेढा

साड्यांच्या दुकानात त्याला सगळे वहिनी म्हणायचे. चांगला मिशीवाला, अंगानं आडवा बाप्या, पण काउंटरमागे उभा राहिला की शर्ट-पँटवरच साडी लावून दाखवायचा आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. घडी मोडली, बोटं भराभर चालली, निऱ्या कमरेच्या पट्ट्यात खोचल्या, पदर खांद्यावर टाकला की झालं. अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे. मग हनुवटी जराशी वर करून तो आरशाकडे वळायचा, तेव्हा त्याचंच त्याला कौतुक वाटायचं. खोटं कशाला सांगा, वाटायचंच.

नावाचा राग त्यानं कधी दाखवला नाही. शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे तीच हाक मारायचे आणि हा ओ द्यायचा. पण राग होता हो, पोटात होता. घरी गेल्यावर साडीचा विषय काढलेला त्याला खपत नसे. मुलगी नऊ वर्षांची असताना बायको गेली आणि घरात बाप-लेक दोघंच उरले. शाळा सुटली की पोर दुकानात यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ करायची आणि मधूनमधून बापाकडे टकामका बघत बसायची.

शाळेच्या शेवटच्या वर्षी निरोपाचा कार्यक्रम होता, सगळ्या मुली साडीत येणार होत्या. हा जेवत होता. ती समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला नेसायला शिकवा ना."

"दिवसभर दुकानात बाई होतो तेवढं पुरे नाही का?" हा म्हणाला. "शेजारच्या काकूंना सांग."

झडली असती ती जीभ तर बरं झालं असतं. पण तेव्हा ह्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, भात संपवून तो झोपला. कार्यक्रमाच्या दिवशी पोरगी लवकर घरी आली, डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. त्यानंतर तिनं साडीला हात लावला नाही. हा दुकानात हसत सांगायचा, आमचीला साडीचं वावडं आहे, बापाच्या धंद्यावर उठलीय.

अशी बारा वर्षं गेली. ह्याचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा शेठनं त्याला माडीवर बसवलं आणि रविवारी मुलींना साडी नेसायला शिकवायचं काम दिलं. ह्याला ते इतकं आवडलं की विचारू नका. आणि त्याच महिन्यात मुलीनं सांगितलं की गुरुवारी नोंदणी कचेरीत लग्न करतेय. काय घालणार, तर ऑफिसला घालते तो कोट आणि पँट.

ह्यानं तीन दिवस दुकान पालथं घातलं. गर्द निळी, बारीक काठाची साडी घेऊन घरी आला. ती म्हणाली, छान आहे, पण राहू द्या. हा हट्टालाच पेटला. मी नेसवतो, नाहीतर शिकवतो, दहा मिनिटांचं काम आहे, एवढं माझं ऐक.

तिनं साडी उचलली, घडी मोडली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून जीन्सवरच भराभर निऱ्या घातल्या. पट्ट्यात खोचल्या, पदर टाकला, हनुवटी जराशी वर केली. हुबेहूब बाप. ह्याला तर आनंदानं काही सुचेना.

"अगं, हे कुठं शिकलीस?"

"दुकानात. तुमच्याकडे बघून," ती म्हणाली. "शाळेच्या कार्यक्रमाला परकरावर अशीच नेसून गेले होते. स्टेजवर चढताना सगळी खाली आली. सगळा हॉल हसत होता."

काय झालं असणार ते ह्याच्या लगेच ध्यानात आलं. काउंटरमागचा माणूस पहिला वेढा घेतच नाही. अर्धी साडी घडीतच असते, गिऱ्हाइकाला दिसतं ते फक्त पुढून. खरी नेसायची तर आधी कमरेभोवती एक पूर्ण वेढा घ्यावा लागतो, सगळा भार त्याच्यावर. हे स्टुलावर बसलेल्या पोरीला कोण सांगणार होतं?

"मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"सांगितलं होतं की, बाबा. शिकवा म्हणून."

तो खाली बसला. माझं चुकलं, म्हणाला. जन्मात कुणाला म्हणाला नव्हता. तिनं नाही-नाही केलं नाही. साडीची नीट घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवून आत गेली.

गुरुवारी ती कोट घालून तयार झाली आणि तिनं कशी दिसतेय म्हणून विचारलं. छान, तो म्हणाला, आणि खरंच छान दिसत होती. कॉलर सारखी करावी म्हणून त्यानं हात पुढे केला, तर ती आधीच सारखी होती.