हलका मीटलोफ आणि मम्मींना केलेला फोन

मंडळी, आज आमच्या घरी जे झालं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

माझा नवरा रॉबिन इथे आखातात बांधकाम कंपनीत होता. मंदीत प्रोजेक्ट थांबले आणि नोकरी गेली. वसईला मम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्याने हे कळूच दिलं नव्हतं. "उगाच काळजी करत बसेल," म्हणायचा.

त्यात त्याचं कोलेस्टेरॉल वाढलं. म्हणून आज मी ऑफिसला गेल्यावर त्याने मम्मींच्या हातचा मीटलोफ, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा लोफ, जरा हलका करून बघायचं ठरवलं. बीफऐवजी चिकनचा खिमा, ब्रेडऐवजी ओट्स आणि वरचं बेकन बाद. असं चालेल का, हे विचारायला त्याने मम्मींनाच फोन लावला.

"चालेल, पण ओट्स आधी दुधात भिजव, नाहीतर कोरडा होईल," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आज रविवार. तिकडे रविवारी ऑफिस असतं ना रे?"

रॉबिनला खोटं बोलवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

मम्मींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. उद्यापण याच वेळेला फोन कर. फिश करी शिकवते."

संध्याकाळी मी अल नहदाला घरी पोचले, तेव्हा मीटलोफ कापता कापता त्याने मला हे सांगितलं. खूप दिवसांनी तो मोकळा वाटला. बेकनची आठवण आली, पण दोघांनीही दुसरा तुकडा घेतला.

तुमच्यापैकी कुणाची नोकरी गेली असेल, तर गावी सांगितलंत का?