झालं आणि होऊन राह्यलं

माझ्या दोस्ताच्या, भानुदासच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात सरकीच्या पिशव्या रचत होतो. "भाऊजी, हे जाऊन राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला इथंच सांगून टाकतो. आमच्याकडं 'करून राह्यलो' म्हणजे काम चालू आहे, उरकलेलं नाही. म्हणजे भानुदास अजून होता. मी गल्ला तसाच उघडा टाकला आणि मोटारसायकल काढली. बदनापूरपर्यंत वारा माझ्या पुढं होता, तिथं मी त्याला गाठलं. औरंगाबादच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो मागं कुठंतरी धापा टाकत असेल. खाटेवर भानुदास होता, पण निम्माच उरलेला. डोळे मिटलेले. मी कानाशी वाकून म्हटलं, "भान्या, वीस मिनिटांत आलो बघ जालन्याहून." ओठ हलले. "अर्धं कर, मध्या..."

हे त्याचं नेहमीचं. मी काहीही सांगितलं की तो आधी अर्धं करायचा, मग ऐकायचा. माझ्या शेतातला दुधी माणसाएवढा होता म्हटलं की तो म्हणायचा, "म्हंजे गुडघ्याएवढा. हां, मंग?"

भानुदास घनसावंगीकडचा. एक्क्याऐंशी साली नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, आमच्या बियाण्याच्या दुकानावरची खोली त्यानं वडिलांकडून भाड्यानं घेतली आणि टायपिंगचा क्लास काढला. खोली एवढी अरुंद की आत बसून विचार बदलायचा म्हटला तरी बाहेर यावं लागे. वरती यंत्रं एकदम सुरू झाली की खाली आमच्या बरणीतली ज्वारी आपोआप निवडली जायची... बरं, अर्धं करा. टायपिंग गेलं, संगणक आला, आणि दोन हजारनंतर भानुदासनं वेगळाच धंदा धरला. तो नावं विकायला लागला. इंटरनेटवर ज्याला दुकान मांडायचं त्याला पाटी लागते, त्या पाटीवरचं नाव. बियाणेवाले, मोसंबीचे व्यापारी, मंठ्याचा एक बँडवाला, सगळ्यांना त्यानं नावं दिली. पहिलं माझंच. वडील तेव्हा होते. ते म्हणाले, "नाव ठिवायचं काम आत्याबाईचं. ह्यो कोण?" तेव्हापासून जिना चढणारा प्रत्येक जण त्याला आत्याबाई म्हणायला लागला, आणि तोही ओ द्यायचा.

अशी नावं विकणाऱ्या कंपन्या देशभर होत्या. पुणे, नागपूर, बंगळूर, दिल्ली... त्यांच्यापुढं भानुदासची खोली म्हणजे उसाच्या फडात कोथिंबिरीची जुडी. आणि वरून फर्मान आलं की नावं नोंदवायची जुनी रीत बंद, आता सगळ्या कंपन्यांनी नव्या रीतीवर जायचं, आणि तेही एकाच दिवशी, एकामागोमाग, ठरल्या क्रमानं. कुणी आधी गेला किंवा मागं राहिला तर त्याच्या गिऱ्हाइकांच्या पाट्या उतरणार, म्हणजे इंटरनेटवरची त्यांची दुकानं दिसेनाशी होणार. मला कळेना. त्यानं समजावलं, "आपली मीटर गेज गेली तवा कसं झाल्तं? परतूरला ब्रॉड गेज अन् जालन्याला मीटर, असं चालंल का? गाडी कुठं उभी करशील?" एवढ्यावर मला कळलं. त्या रुळांनी आमच्या अख्ख्या गावाला वर्षानुवर्षं खडी खायला घातली होती.

आता ह्या सगळ्यांना हाकणारा कुणीतरी हवा होता. मोठ्यांचा मोठ्यांवर भरवसा नाही. पुण्याला मुंबईचा चालेना, मुंबईला दिल्लीचा. शेवटी जालन्याच्या माणसावर एकमत झालं, कारण जालन्याच्या माणसाची कुणाला भीती वाटेना. हे त्याला ठाऊक होतं. "गरिबाघरची पोरगी सगळ्यांना पसंत पडती," तो म्हणाला. पण त्यानं ते अंगाला लावून घेतलं. महिनोन्महिने फोनवर, हिंदीत, तोडक्या इंग्रजीत, एकेकाची समजूत घालत. आणि सगळ्यांना त्यानं शब्द दिला की एकही पाटी उतरणार नाही. शब्द देताना मी शेजारी होतो. म्हटलं, "अर्धं कर." तो हसला नाही.

ठरलेल्या रविवारी वरच्या खोलीत फोन मोठ्या आवाजावर लावलेला. सगळ्या कंपन्या एकाच लाईनीवर. भानुदासनं आधी नागपूरला विचारलं, मग स्वतःचं सांगितलं, "आम्ही बदलून राह्यलो." नागपूरवाल्याला बराबर कळलं, तिकडंही असंच बोलतात. पुण्याच्या साहेबांनी मात्र ऐकलं, बदलून राहिले. म्हणजे बदलून मोकळे झाले. त्यांचा नंबर जालन्याच्या मागं. त्यांनी तिथल्या तिथं जुनी लाईन तोडली आणि आपली सगळी नावं नव्या लाईनीवर ढकलली. पलीकडं घ्यायला अजून कुणी उभंच नव्हतं. पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या पाट्या धडाधड उतरल्या. मी एरवी म्हटलं असतं की लाखभर उतरल्या. किती उतरल्या ते मला माहीत नाही. भानुदासच्या चेहऱ्यावर मात्र सगळ्याच उतरलेल्या दिसत होत्या.

सगळं जुन्या रीतीवर परत नेऊन पाट्या पुन्हा चढवून झाल्यावर सगळे परत फोनवर आले. पुण्याचे साहेब म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, बदलून राहिलो?"

"राह्यलो म्हणलं, साहेब. राहिलो न्हाई."

"त्यात फरक काय?"

भानुदासनं फरक सांगितला नाही. "चूक माझी हाय," तो म्हणाला, "कामाच्या वक्ताला मी घरचं बोललो." मुंबईच्या कुणीतरी सुचवलं की आता हे काम दुसऱ्याकडं द्यावं. नागपूरवाला म्हणाला, "माणूस बदलू नका, भाषा बदला." भानुदासनं फक्त एक रविवार मागितला. आवाज असा की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. दुकानदार लावतात ना, एका बाजूला 'उघडे' आणि उलटीकडं 'बंद', तशी. ह्याच्या पाटीवर एका बाजूला 'होऊन राह्यलं', दुसऱ्या बाजूला 'झालं'. मग सगळ्या कंपन्यांना फोन केला की पुढच्या वेळी हे दोनच शब्द बोलायचे, तिसरा नाही. वहिनी म्हणाल्या, "एवढा मोठा साहेब असं बोलंल व्हय?" तर बोलला. त्या रविवारी दिल्लीचा सरदारजी 'होऊन राह्यलंजी' म्हणाला, बंगळूरच्या बाई 'जाला' म्हणाल्या, आणि पुण्याचे साहेब प्रत्येक वेळी दोनदा विचारायचे, "राह्यलं की झालं?" एकेक गाव पलीकडं गेलं. एकही पाटी उतरली नाही. शेवटी भानुदासनं खिळ्यावरची पाटी स्वतः उलटवली आणि फोनमध्ये म्हणाला, "झालं." मी पेढे आणायला निघालो तर म्हणाला, "बस. च्या पी."

पेढे का नको होते ते मला पुढं कळलं. नव्या रीतीत प्रत्येक नावाला एक परवलीचा शब्द मिळाला होता. तो शब्द घेऊन गिऱ्हाईक वाटेल त्या कंपनीकडं जाऊ शकत होतं. जुन्या रीतीत ते महाकठीण होतं, म्हणून लोक भानुदासकडं टिकून होते. आता मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले. बियाणेवाले गेले, मोसंबीवाले गेले, मंठ्याचा बँडवालाही वाजवत गेला. येऊन तो शब्द मागायचे आणि भानुदास चहा पाजून द्यायचा.

मी एकदा भडकलोच. "तुला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग कशाला मरमर केली? दुसऱ्या कुणाला करू द्यायचं न्हाई का?"

त्यानं खिडकीतून स्टेशनकडं बघितलं. "मीटर गेज असती तर मनमाडला गाडी बदलायला सगळ्यांना उतरावंच लागलं असतं," तो म्हणाला, "हमालांचं बरं चालायचं तिथं. म्हणून काय रूळ बदलायचे न्हाईत?"



खोली रिकामी होत गेली तरी तो रोज यायचा. दार उघडताना पाटी 'होऊन राह्यलं' करायचा, संध्याकाळी जाताना 'झालं'. वरती काय होऊन राह्यलं होतं, मी विचारलं नाही. नंतर किडनीचं दुखणं निघालं. औरंगाबादच्या फेऱ्या वाढल्या. वहिनी एकदा म्हणाल्या, "डॉक्टर विचारत्यात दुखणं कमी झालं का, तर हे म्हणत्यात होऊन राह्यलं. डॉक्टरला वाटतं बरं हाय."

त्या दिवशी 'अर्धं कर' म्हटल्यावर तो पुन्हा बोलला नाही. मी बाहेर बाकड्यावर बसलो. समोर एक आजी नातवाला केळ सोलून देत होती. वहिनी दारात आल्या. रडत नव्हत्या. माझ्याकडं बघून एकच शब्द म्हणाल्या.

"झालं."

दहावं उरकल्यावर वहिनी आणि मी त्याच्या खोलीत वर गेलो. दार लोटलं तर खिळ्यावर पाटी 'होऊन राह्यलं' अशीच. शेवटच्या वेळी दुपारीच दवाखान्यात जावं लागलं होतं, परत यायचं म्हणून त्यानं उलटवली नव्हती. "तुम्ही फिरवता का, भाऊजी? माझा हात न्हाई जात," वहिनी म्हणाल्या. मी पाटी हातात घेतली. 'होऊन राह्यलं'चा रंग खिडकीच्या उन्हानं पार उडाला होता. 'झालं' मात्र परवा रंगवल्यासारखं कोरं होतं, ते फक्त अंधारातच बाहेर असायचं... मी होती तशी पाटी परत अडकवली. वहिनींनी पदरानं तिच्यावरची धूळ तेवढी पुसली.

आता गिऱ्हाईक कधी विचारतं, वरचं दुकान बंद झालं का हो? मी जिन्याकडं बोट दाखवतो. ज्याला वाचता येतं त्यानं वर जाऊन वाचावं.